शेजारच्या गावची एस्तेर

१

दयाबाई उजागरे यांचं पेन्शनचं खातं कुणीतरी धुऊन नेलं आणि त्यापायी घरच्या सुनेला माहेरी हाकललं, या दोन्ही बातम्या नगरजवळच्या केडगावात एकदमच फुटल्या. त्यातली दुसरी लोकांनी जास्त चवीनं चघळली. पैसे काय, कुणाचेही जातात हो! पण जन्मभर पोरांना खरं बोलायला शिकवणाऱ्या मास्तरणीच्या घरात सूनच चोर निघावी, याची मजा काही औरच.

सायबर पोलीस ठाण्यातल्या फौजदार दीपा भिंगारदिवे हिला मात्र यात काडीची मजा वाटत नव्हती. ती बाईंची जुनी विद्यार्थिनी. तक्रारीत सुनेचं, आराधनेचं नाव बाईंनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं. बाई त्यावर ठाम राहिल्या तर आराधनेला ताब्यात घ्यावं लागणार होतं. बाईंचा मुलगा सॅम्युएल पुण्याला कंपनीत होता, त्यानं घटस्फोटासाठी वकीलही गाठला होता. एकदा पोरीच्या कपाळी चोरीचा शिक्का बसला, की तो पुसायला कुणी येत नाही, हे दीपाला पक्कं ठाऊक होतं.

बाई खिडकीशी बसून भिंगातून चर्चच्या गीतांचं पुस्तक वाचत होत्या. मोतीबिंदू उतरलेला, उन्हाची तिरीप आली की डोळ्यांतून पाणी गळायचं.

"ये दीपा. सलाम."

"जय भीम, बाई. पुन्हा एकदा सांगा, काय झालं ते."

"किती वेळा सांगू? मी कुणाला ओटीपी दिला नाही. कसली लिंक उघडली नाही. अनोळखी फोन तर मी उचलतसुद्धा नाही. अगं, महिला मंडळात हे सगळ्यांना मीच शिकवते! त्या दुपारी मी जरा आडवी झाले होते, फोन इथं उशाशी होता आणि घरात ती एकटी. बँक म्हणते, ओटीपी याच फोनवर आला आणि वापरला गेला. मग भूत आलं होतं का वापरायला?"

बिनतोड होतं. फोन ठाण्यात नेऊन तपासला होता, त्यात काही वावगं सापडलं नव्हतं. दीपानं तो हातात घेतला. फोन जुना, कडा घासलेल्या, वरची काच मात्र नवी कोरी.

"ही काच कधी बसवली?"

"स्टीफननं. माझा भाचा, मोबाईलचं दुकान आहे बघ त्याचं हायवेला. पैसे गेल्याचं कळलं तसा दुसऱ्या दिवशी धावत आला बिचारा. पैसेही घेतले नाहीत."

"आणि आराधनाच कशावरून, बाई? वर तुमचा भाडेकरू राहतो. दुधवाला येतो."

बाईंनी पुस्तक मिटलं. "मला प्रार्थनेत उत्तर मिळालंय."

तेवढ्यात फोन टिणटिणला आणि बाईंचा ओढलेला चेहरा एकदम निवळला. "एस्तेर असेल. कोपरगावची पोर आहे. दोन्ही किडन्या गेल्या, सारखं डायलिसिस. आमचा साखळी प्रार्थनेचा ग्रुप आहे ना, प्रत्येक घर एकेक तास वाटून घेतं, त्यात तिच्यासाठी माझा पहाटेचा तास. आणि बरं का, कधी एक रुपया मागितला नाही तिनं. मीच पाठवते म्हटलं तर रडली. म्हणाली, आई, मला फक्त प्रार्थना हवी."

दीपा मेसेज चाळत गेली. सलाईन लावलेल्या अशक्त पोरीचा फोटो. जेवलीस का, झोपलीस का, रोजचं. मग गुलाबाची फुलं आणि खाली 'हॅपी गुड फ्रायडे, आई'.

दीपाचं बोट थबकलं. सहावीत असताना तिनं नेमकं हेच म्हणत दयाबाईंच्या हातात फूल दिलं होतं. बाईंनी तिला जवळ घेऊन समजावलं होतं, बाळा, प्रभूला वधस्तंभावर दिलं तो हा दिवस, आज शुभेच्छा देत नसतात. ख्रिस्ती घरात वाढलेल्या पोराला हे सांगावं लागत नाही.

"हे काय, बाई?"

"आजारी पोर आहे, गुंगीत लिहिलं असेल," बाईंनी फोन काढून घेतला. "तू त्या मुलीच्या कुठं मागे लागतेस? चोर माझ्या घरातला आहे. उद्या मी तुझ्या साहेबांकडे येऊन जबाब देणार. आराधनेला उचल."

२

वरच्या खोलीतला भाडेकरू पंकज स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, असं त्याच्या आईवडिलांना वाटायचं. खरं तर पठ्ठ्या मोबाईलवर पत्त्यांचा जुगार खेळायचा, आणि तोही बाईंच्या वायफायवर. पोलीस दारात बघताच त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"मॅडम, मी हरलोय ते माझ्या बापाचे पैसे. बाईंच्या फोनला हात लावला नाही, शप्पथ. त्या दुपारी मी गावी होतो, एसटीचं तिकीट असेल खिशात."

"बाईंच्या घरात इतक्यात काही वेगळं वाटलं?"

पंकजनं डोकं खाजवलं. "वहिनी गेल्यापासून घरात बोलणंच नाही. आणि बाई गाताना अडखळतात. मध्यंतरी मोबाईलमध्ये बघून म्हणायच्या, ही मोठ्ठी अक्षरं! कसलं गीतांचं ॲप होतं म्हणे. एकदम खणखणीत गायच्या, माझी झोप मोडायची. आता परत ते बारीक टायपाचं पुस्तक घेतलंय. अर्धी कडवी गाळतात."

दीपा जिना उतरता उतरता मध्येच थांबली. ठाण्यात तपासलेल्या फोनमध्ये गीतांचं कुठलंच ॲप नव्हतं.

स्टीफनच्या दुकानात गर्दी होती. एका हातात गिऱ्हाईकाचा फोन, दुसऱ्या हातात वडापाव, आणि बोलणं तिसऱ्याशीच. स्क्रीनवर जे काही उगवेल त्यावर न बघता बोट आपटत होता, ओके, अलाउ, ओके. दीपाला बघून त्यानं स्टूल पुसून दिलं.

"आत्याचं फार वाईट झालं, मॅडम. पण खरं सांगू? ती आराधना पहिल्यापासून जरा तशीच. माहेरची माणसं ऊसतोडीला जाणारी, आणि आता भावानं टेम्पो घेतला. आला कुठून?"

"तुम्ही बाईंच्या फोनमध्ये कधी काही भरून दिलंत का? ॲप वगैरे?"

"छे! नाताळापासून आत्याचा फोन मी हातातसुद्धा घेतला नाही."

हे तो बोलला आणि वडापावचा घास त्याच्या घशात अडकला. दीपानं त्याला पाण्याची बाटली दिली, काचेविषयी एक शब्द काढला नाही आणि ती निघाली. हा माणूस खोटं बोलतोय एवढं कळलं होतं, पण का, ते कळत नव्हतं. चोरी यानंच केली असेल, तर हा असा दुकानात घाम पुसत बसला असता का?

३

पाथर्डीच्या पुढं उन्हानं रान नुसतं करपलेलं. गाळप संपून माणसं नुकतीच गावाकडं परतली होती. आराधनेची आई आक्काबाई दारातच उभी राहिली, पोलिसाला आत घ्यावं की न घ्यावं या विचारात.

"न्यायला आलाव का पोरीला?" तिनं सरळच विचारलं. "न्या. पर आधी माझं ऐका. आमी कोयता घेऊन दुसऱ्याच्या रानात राबतो, कुनाच्या घरात हात घालत न्हाई. टेम्पो हाय तो फायनान्सचा हाय, हप्ते भरून पोरगं मरायला लागलंय. लई शिकलेलं घर म्हनून दिली हुती ओ पोर!" आणि पदर तोंडाला लावून ती रडायला लागली.

आराधना आतून आली. डोळे सुजलेले, पण आवाज कोरडा. "मॅडम, आईंच्या फोनचा पिन मला माहीत आहे. रिचार्ज मीच मारायचे. त्या दुपारी घरात मी एकटीच होते, तेही खरं. मी धुणं धूत होते. पण ते कुणी बघितलं नाही, आता काय करू?"

"बाईंचा तुमच्यावर राग कधीपासून?"

"चार वर्षांत राग नव्हता. मायाही नव्हती, पण राग नव्हता. त्या एस्तेरवरून सुरू झालं. मी म्हटलं, आई, एवढी आजारी आहे तर फळं घेऊन बघायला जाऊ, कोपरगाव काय लांब आहे? दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा निघायच्या आदल्या दिवशी तिला अतिदक्षता विभागात नेल्याचा मेसेज आला. मी आपलं बोलून गेले, आपण जायचं म्हटलं की हिचं दुखणं बरं नेमकं वाढतं! आईंनी तो शब्द धरून ठेवला. म्हणाल्या, तुझं काळीज दगडाचं आहे."

"हे तुमचं बोलणं बाईंनी एस्तेरला सांगितलं होतं?"

"आई तिला सगळं सांगतात. कोणत्या बँकेत खातं, माझं दोन महिन्यांचं पोट पडलं ते, सगळं. रोज व्हॉइस मेसेज. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे."

दीपानं तिथूनच कोपरगावच्या मंडळीचे, म्हणजे तिथल्या चर्चचे, पाळक रेव्हरंड एलिया यांना फोन लावला. एस्तेरचं नाव घेतलं, फोटो पाठवला.

"मॅडम," पाळकसाहेब हळूच म्हणाले, "हिला आम्ही ओळखतो. आमच्या ग्रुपवर रोज हिच्यासाठी प्रार्थना होते. पण ती कोपरगावची कशी? ती तर तुमच्या नगरची आहे ना?"

४

संध्याकाळपर्यंत पाळकसाहेबांनी आसपास विचारून घेतलं. राहुरीकरांना ती श्रीरामपूरची वाटत होती आणि श्रीरामपूरकरांना राहुरीची. नाव तेच, फोटो तोच, दुखणं तेच. अख्खा जिल्हा तिच्यासाठी गुडघे टेकत होता आणि ती सगळीकडे शेजारच्या गावची होती. आपल्या गावची म्हटलं असतं तर कुणीतरी डबा घेऊन गेलं असतं. लांबच्या शहराची म्हटलं असतं तर माया कमी पडली असती. ग्रुपमध्ये शिरायलाही तिला कष्ट पडले नव्हते. गरजू माणसानं प्रार्थनेसाठी यावं म्हणून ग्रुपची लिंक मंडळींनीच फेसबुकवर उघडी टाकून ठेवलेली.

काय म्हणावं या भाबडेपणाला? आणि हसावं तरी कुणी? दीपाच्या स्वतःच्या आईच्या फोनमध्ये असे डझनभर ग्रुप होते.

स्टीफन शटर ओढत होता. दीपानं ते हातानं धरलं.

"नाताळापासून फोन हातात घेतला नाही म्हणालात. मग नवी काच काय आपोआप येऊन बसली?"

स्टीफन खाली बघू लागला.

"मी सांगते, चुकलं तर थांबवा. एस्तेरनं बाईंना गीतांचं ॲप पाठवलं, मोठ्या अक्षरांचं. बाईंना ते फोनमध्ये भरता येईना, म्हणून त्या तुमच्याकडे आल्या. फोननं धोक्याची सूचना दिली असणार. तुम्ही वाचली नाही. ॲपनं मेसेज बघायची परवानगी मागितली, तुम्ही दिली. त्या दिवसापासून बाईंचा प्रत्येक मेसेज परस्पर बाहेर जात होता. ओटीपी कुणी सांगायची गरजच उरली नाही, चोराला तो घरबसल्या दिसत होता. पैसे गेले आणि तुमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काच बदलण्याच्या निमित्तानं फोन घेतलात आणि ते ॲप पुसून टाकलंत."

"मॅडम, मी चोर नाही," तो म्हणाला. "चाळीस माणसं समोर उभी असतात. दिवसभर अलाउ, अलाउ दाबतो आम्ही, कोण वाचतंय? आत्या म्हणाली गीतांचं पुस्तक आहे, त्यात काय वाईट असणार? नंतर कळलं तेव्हा वाटलं, स्टीफनच्या दुकानातून लुटलं गेलं असं झालं तर दुकानात कुत्रं फिरकणार नाही."

"आणि आराधना?"

"तिचं नाव मी घेतलं नाही! आत्यानंच आधी घेतलं."

"तुम्ही गप्प बसलात. वर टेम्पोचं माझ्या कानावर घातलंत." दीपाच्या आवाजाला धार आली. "एका बाईचं घर मोडताना बघत होतात आणि काचा बसवत होतात."

एक गोष्ट दीपाला अजून टोचत होती. आराधनेचं नाव बाईंनी आधी घेतलं, हे खरं. पण बाईंना ते दिलं कुणी?

५

दुसऱ्या दिवशी सॅम्युएल पुण्याहून आला होता. बाई जबाब द्यायला ठेवणीतली साडी नेसून तयार. दीपा समोर खुर्ची ओढून बसली.

"बाई, प्रार्थनेत उत्तर मिळालं म्हणालात. ते कुणाच्या तोंडून मिळालं?"

"म्हणजे?"

"तुम्हाला स्वतःला काही दिसलं, का कुणी येऊन सांगितलं?"

बाई चाचरल्या. "एस्तेरला दृष्टान्त झाला. पैसे गेले त्याच संध्याकाळी. म्हणाली, आई, मला बांगड्या भरलेला हात दिसला, तुमच्या उशाशी. बाहेर बोलू नका, आधी घर शोधा. अशा दुखण्यातल्या लेकराला देव दाखवतो, दीपा."

"आणि तुम्ही घर शोधत बसलात. लगेच कळवलं असतं तर पैसे वाटेत अडवता आले असते. आठवडा गेल्यावर तुम्ही आमच्याकडे आलात, तोवर ते खात्याखात्यांतून फिरून नाहीसे झाले. चोराला तेवढाच वेळ हवा होता. घरातलं माणूस चोर वाटलं की लोक पोलिसात जात नाहीत, आपसात भांडत बसतात. आणि आराधनेचंच नाव का? कारण एस्तेरला बघायला जाऊ म्हणणारी घरात तीच एकटी होती. ती राहिली असती तर एक दिवस कोपरगावला पोचली असती."

मग दीपानं सगळं सांगितलं. कोपरगाव, राहुरी, श्रीरामपूर. गीतांचं पुस्तक. स्टीफनची काच. सॅम्युएल भिंतीला टेकून ऐकत होता, ऐकता ऐकता त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

बाई मात्र वाद घालत राहिल्या. आवाज ऐकलाय मी तिचा. ऐकला असेल, बाई, कुणाचा तरी. फोटो आहे. कुणाचा तरी चोरलेला आहे.

"एस्तेर नाहीच?"

"नाही, बाई. तिच्या नावानं दोघंतिघं बसले असतील कुठंतरी, पाळीपाळीनं लिहीत. पैसे मिळतील असं मी खोटं सांगणार नाही. पण आराधना निर्दोष आहे."

बाईंनी जबाब बदलला. मग त्यांनी स्वतःच पाथर्डीला फोन लावायला सांगितला. सॅम्युएलनं लावून स्पीकरवर ठेवला.

"आराधना, मी चुकले गं. माझी मती मारली गेली होती. परत ये, बाळा."

"माफ केलं, आई," पलीकडून आवाज आला. त्यात राग नव्हता, त्यामुळंच ऐकवत नव्हतं. "मनापासून केलं. पण यायचं मला माहीत नाही. त्या पोरीला तुम्ही रोज सकाळ-संध्याकाळ विचारायचात, जेवलीस का. मी ताटं वाढता वाढता ऐकायचे. माझं पोट पडलं तेव्हासुद्धा मला कुणी विचारलं नव्हतं. ती खोटी होती हे आता कळलं. पण मी तर खरी होते ना?"

फोन बंद झाला. सॅम्युएल उठला, मोटारसायकलची किल्ली घेतली आणि पाथर्डीच्या रस्त्याला लागला. ती त्याला दारात उभं करील की नाही, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

दीपाला निघायचं होतं, पण बाईंना एकटं सोडून पाय निघेना. तिनं चहा केला. तो तसाच निवून गेला. बाहेर पुण्याच्या रस्त्यावर ट्रकांचा आवाज चालू होता, घरात अंधारून आलं होतं आणि दिवा लावायचं भान बाईंना नव्हतं.

बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या, "दीपा, जेवली असेल का गं ती?"

"जेवेल, बाई. आई आहे तिची जवळ. आणि सॅम्युएल पोचेलच आता."

बाईंची नजर मांडीवरच्या मोबाईलवर होती.

"आराधनेचं नाही विचारलं मी," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्याच तोंडावर हात दाबून ढसाढसा रडू लागल्या.